पडदा खरा झाला, पण आईची शाल?

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. परमेश्वराच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? माझं शरीर बरं आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझे मेहुणे.

आईचा रंगीत असा एकच फोटो, खुर्चीत शाल पांघरून बसलेली. तो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावायचा, एवढंच ठरलं होतं. छापून आला तर आई कावीळ झाल्यासारखी! मी भांडायला गेले, तर फोटोवाला मख्खपणे म्हणतो, "काकू, छपाई बरोबर आहे. तुमच्या घरचा कॉम्प्युटर रंग खोटे दाखवतो. त्यावर बघून काकांनी फोटो सुधारला, म्हणून बिघडला." यांना ते जागच्या जागी पटलं. (माझं म्हणणं यांना इतक्या लवकर कधी पटल्याचं तुला आठवतंय का?)

मग शेजारच्या छायाचित्रकाराकडून रंग मोजायचं यंत्र उसनं आलं. यंत्र कसलं, साबणाच्या वडीएवढी डबी! ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर लटकवायची आणि पडद्याने तिला एकामागून एक रंग दाखवायचे. त्याआधी पडदा अर्धा तास चालू ठेवून तापवायचा. नुसता! समोर माणूस नाही, काम नाही, आणि वीज जळतेय. रिकाम्या खोलीतला दिवा मालवावा तसा मी जाता-येता तो बंद करत राहिले, तेव्हा हे किंचाळले. मग खिडकीला चादर लावली, दिवे मालवले आणि मला हद्दपार केलं, कारण माझ्या लाल स्वेटरची झाक म्हणे पडद्यावर पडते. त्या स्वेटरात अजून लाल रंग उरलाय हे यांना त्या दिवशी दिसलं! मी बाहेर जप करत बसले, तर आतून "हिरवा झाला, आता निळा" अशा वर्द्या, जसं काही कोणाचं ऑपरेशन चाललंय.

शेवटी बोलावणं आलं. बघते तर चांगला पांढराशुभ्र पडदा पिवळट आणि मंद! "हाच खरा पांढरा," हे म्हणाले. "आधीचा निळसर होता. होईल डोळ्यांना सवय." चांगल्या वस्तूची वाट यांनी लावायची आणि सवय आमच्या डोळ्यांनी करून घ्यायची. (मी मॅट्रिकच, मला शास्त्र काय कळणार!)

फोटो उघडला, तर आई छापल्यासारखीच पिवळी. म्हणजे एवढ्या खटाटोपाने यांना स्वतःची चूक तेवढी दिसायला लागली. ती पुसली, तर खालचा मूळ फोटो उडालेल्या रंगाचा. आता शालीचा खरा रंग कळला तर त्यावरून बाकीचे लावता येतील म्हणे. हे म्हणतात, शाल राखाडी होती. सासूकडे कधी धड मान वर करून बघितलं नाही, हे काय सांगणार! मी म्हणते मोरपंखी. दादाला फोन केला, तर तो विचारतो, "आईकडे शाल होती?"

तेव्हापासून यांचा-माझा अबोला आहे. भिंतीत खिळा तेवढा ठोकून झालाय.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. ती शाल तुझ्याकडे आहे. आई गेल्यावर "कसर लागलीय, टाकूनच देते" म्हणत तू ती पिशवीत भरलीस आणि मी गप्प बसले. तू टाकली नसणार. रंग जुळवायला हवी आहे, पाठव.

आणखी एक. अबोला मोडून हे म्हणतात, कोपऱ्याचा तुकडा कापून पाठवला तरी भागेल. यांचं काय ऐकतेस! अख्खी पाठव. राखाडी निघाली तरी पाठव.