मांडीवरचे अंड्यांचे ट्रे

मी, छकुलीची आई, अंड्यांच्या गाडीत मागे बसणारी, वय सव्वीस. डोकं ठिकाणावर आहे, कुणी पढवलेलं नाही. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून आपल्या हाताने लिहून ठेवते. शाळा सातवीपर्यंतच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडीचे शॉकअप गेलेत. तेव्हापासून त्यांचं काम माझे गुडघे करतात. अंडी फुटू नयेत म्हणून ट्रे मांडीवर धरून दिवसभर हिंदकळते. कंबरेचा पार भुगा झालाय. मेकॅनिकने बॉनेट दाबून सोडलं, तर गाडी चारदा डोलली. म्हणाला, "दादा, एकदाच वर येऊन थांबायला पाहिजे. चाक रस्ताच धरत नाही हो. ब्रेक मारला तरी वेळेवर थांबायची नाही." छकुलीचे बाबा म्हणाले, "चालतेय ना? मग चालू दे."

मंगळवारी उतारावर एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली घातलं आणि पुढेच सरकत गेली. आजोबा वीतभर अंतराने वाचले. छकुली माझ्या कुशीत. हे मागे वळून काय म्हणतात, "बघ, एक अंडं फुटलं नाही!"

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. थकले आता.

तर, ह्या गाडीपायी मी गेले तर छकुली माझ्या ताईकडे राहील. तिला त्या गाडीत बसवायचं नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

शिलाई मशीन ताईलाच. कात्री जाऊबाईंना. त्यांनी ती तीन वर्षांपूर्वी नेलीच आहे, आता मागत नाही.

ह्यांच्या सीटवरची जाड उशी मीच शिवली, पाठ दुखते म्हणाले म्हणून. तिथेच चुकलं माझं. ह्यांना खड्डा कळतच नाही. ती सासूबाईंना द्यावी. ह्यांनी बिनउशीचं बसावं.

पुढचे-मागचे सगळे शॉकअप नवे बसले की हा कागद फाडून टाका. तोवर खरा धरा.

सही: छकुलीची आई
ठिकाण: स्वयंपाकघराचा ओटा
तारीख: ९ ऑगस्ट २०२५, शनिवार

साक्षीदार पहिली: ताई. वाचून आधी रडली, मग सही केली.
साक्षीदार दुसरा: मेकॅनिक. म्हणाला, "वहिनी, सही करतो, पण आधी गाडी आणा." जागा सोडली आहे.

(खाली छकुलीच्या बाबांचं अक्षर)
सोमवारी अंडी पोचणार नाहीत. गाडी गॅरेजला. उशी आईला दिली.