आईच्या चिमटीचं वजन

तीर्थरूप आईस, खोकला अजिबात नसलेल्या लेकीचा साष्टांग नमस्कार.

आमच्या कारखान्यात वाइनमध्ये कडू मुळ्या आणि संत्र्याच्या साली मुरवून परदेशी पाठवतात. तू त्याला दारू म्हणतेस, मी काढा म्हणते आणि बाबा एक बाटली पाठव म्हणतात.

तर झालं असं, की मालकांनी तू मला दिलेल्या खोकल्याच्या पुडीचा वास घेतला आणि उरलेली सगळी एका नमुन्यात ओतली. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याला तो नमुना इतका आवडला, की त्याने पिंपंच्या पिंपं मागवली.

मग तू सांगतेस तसं मी सगळं अंदाजाने घालून नवी पूड केली. व्यापाऱ्याने एक घोट घेतला आणि माल परत धाडला. म्हणे, कोणीतरी नक्कल केली आहे.

आता इथले केमिस्ट मला रोज विचारतात, अंदाज म्हणजे किती ग्रॅम?

तेव्हा सुंठ, ओवा, ज्येष्ठमध, सगळं तुझ्याच चिमटीने उचल आणि वेगवेगळ्या पुड्या बांधून पाठव. वजन आम्ही करू. वहिनीला उचलायला सांगू नकोस, तिचा हात सढळ आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

आणि एक पुडी तयार मिश्रणाची, माझ्या नावाने बांध. खोकला आहे थोडासा.

तुझी,
अंदाज चुकलेली लेक