बाथरूमची कडी आणि सहाचा सेट

दादा,

मी ड्यूटीला निघाले. तू येईपर्यंत शेजारचे काका बाबांजवळ बसलेत. टेबलावर स्क्रू ड्रायव्हरचा नवा सेट ठेवलाय. आलास की बाथरूमची आतली कडी तेवढी काढून टाक. काल बाबांनी ती लावली आणि उघडायची कशी तेच विसरले. मी बाहेरून ओरडून सांगत होते आणि ते आत रडत होते. शेवटी काकाच खिडकीतून आत उतरले.

सेट आणायला बाबांनाही नेलं होतं, घरी एकटं कसं ठेवणार? मी स्वस्तातला, पुष्कळ नगांचा उचलला. त्यांनी एकाचं टोक किल्लीवर घासून पाहिलं आणि म्हणाले, "ठेव खाली. दोन स्क्रूत झिजेल. हा सहाचा घे, जन्मभर पुरेल." वर्कशॉपमधले आपले बाबा परत आल्यासारखं वाटलं रे. मग रस्त्यात त्यांनी विचारलं, "काय खोलायचंय गं?" मी म्हटलं, "चला बाबा, उशीर होतोय."

सकाळी मीच कडी काढायला बसले, तर ते शेजारी येऊन उभे राहिले. मी सेट परत टेबलावर ठेवून दिला.

तुलाही म्हणतील, "दे इकडे, मी काढतो." काढू दे त्यांना. पण कशासाठी म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते तूच बघ. मला नाही जमत.

चिमी