परत पाठवलेली पाकिटं

९ एप्रिल २०२४

कुरडयांचे दिवस आले की द्वारकाबाई आठवतात. घरमालकीण त्या, भाडेकरू मी — पण गच्चीवर चीक एकत्र, सोऱ्याही एकच! त्यांचा सहा वर्षांचा सोमेश्वर ओल्या कुरडया पळवायचा. मी रागावले की त्या म्हणायच्या, "खाऊ द्या हो ताई. तुम्ही कुठं जाऊन राह्यल्या? मरेस्तोवर हितंच हैत."

द्वारकाबाई गेल्या, आता घर सोमेश्वरचं. आज त्याच्याच वकिलाचं रजिस्टर पाकीट आलं. दुकानासाठी माझ्या खोल्या हव्यात, असं तो दोनदा बोललाच होता. आजवर एका महिन्याचं भाडं थकवलं नाही मी! शेजारच्या सगुणाबाई दारातच होत्या. "घेऊच नका! आमच्या दिरानं न्हाई घेतलं, तर लागूच झालं न्हाई."

पोस्टमन कचरूभाऊ घुटमळले. "ताई, मंग मला 'घेण्यास नकार' लिहावं लागंल."

"लिहा," मी म्हणाले. दार लावून घेतलं.

२१ जून

कोर्टाचं पाकीट. "घ्या ना ताई, कोर्टाचं हाय," कचरूभाऊ म्हणाले. तेही नाही घेतलं.

२ जुलै

कचरूभाऊंच्या सायकलची घंटी वाजली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. चौसष्टाव्या वर्षी लपाछपी! ते पुढच्या घरी गेले.

१७ नोव्हेंबर २०२५

सव्वा वर्ष काही आलं नाही. वाटलं, टळलं. आज बेलिफ आला — कोर्टाचा माणूस, हातात ताब्याचं वॉरंट. निकाल कधीच लागलाय! पुढच्या सोमवारी पोलीस घेऊन येणार. तेवढी सवड त्यानं आपणहून दिली.

जिन्यात सोमेश्वर भेटला. खाली बघत म्हणाला, "काकू, तुम्हीच पाकीट घेऊन नाही राह्यल्या. मी किती वाट बघू?" याला एबीसीडी मी शिकवली, याच पुढच्या खोलीत.



१८ नोव्हेंबर

वकील अर्पिताकडे गेले. पोरगी तरुण, पण धीराची. म्हणाली, "मावशी, नाकारलं म्हणजे मिळालंच असं धरतात. तुम्ही तारखेला आला नाहीत, निकाल एकतर्फी झाला. घेतलं असतं तर उत्तर देता आलं असतं. त्याची दुकानाची गरज मोठी की तुमचं बेघर होणं, हे कोर्टाला तोलावंच लागलं असतं."

म्हणजे दार मीच लावलं. आतून!

मग तिनं विचारलं, "पोस्टमन खरंच आला होता ना? आलाच नसेल, तर तसं शपथपत्र देऊ. निकाल रद्द होऊ शकतो."

मी पर्स उघडून तिची फी मोजू लागले. तिनं त्याचा अर्थ लावला. कागद टाइप करून दिला. सही तेवढी बाकी.

२० नोव्हेंबर

कागद टेबलावर आहे. त्याच्याकडे बघायची भीती वाटते. संध्याकडे जाफराबादला दोनच खोल्या, त्यात तिची सासू. लेक आहे, नाही म्हणणार नाही. पण या वयात कोणाच्या तरी कोपऱ्यात…

सगुणाबाई म्हणाल्या, "करून टाका सही. कचरू काय फासावर जाणार हाय का?"

फासावर नाही. पण पाकिटावर खोटा शेरा मारला म्हणून त्यांची चौकशी होईल. मार्चमध्ये रिटायर होताहेत. संध्याच्या नोकरीची ऑर्डर त्यांनीच आणली होती — भर पावसात, स्वतःच्या टोपीत गुंडाळून. "पेढा पाह्यजे ताई!" डोक्यावरून पाणी गळत होतं.

लहानपणी शाळेतल्या सिस्टर बर्था छडी घेऊन दोन्ही हात पुढे करायला लावायच्या. "आधी खरं सांग, मग रड." आज हात पुढे करून पाहिले. मग कागद उलटा करून ठेवला.

२३ नोव्हेंबर

उद्या सोमवार. रात्रभर पेन शोधते आहे, असं स्वप्न पडलं.

२४ नोव्हेंबर

संध्या मला न्यायला येतेय. धांदलीत राहून जायला नको, म्हणून तिच्यासाठी —

शिलाई मशीन सगुणाबाईंना. राग नाही, असं सांग.

सोऱ्या सोमेश्वरला. त्याच्या आईचा आहे, माझ्याकडे राहून गेला.

किल्ली बेलिफच्या हातात.

टाइप केलेला कागद अर्पिताला परत. सही केलेली नाही.

आणि कचरूभाऊंना तुझा जाफराबादचा पत्ता लिहून दे. माझ्या नावाचं काही आलं तर तिकडे पाठवा म्हणावं. मी घेईन.