आतल्या खोलीतली डिस्क

३ फेब्रुवारी

चष्मेवाले आले होते. जुने कॉम्प्युटर जमवतात. आतापर्यंत तीन माझ्याकडून दुरुस्त करून नेले. निघताना आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, तिथं अजून एक आहे ना? साहेबांचा?"

आहे म्हटलं.

"मग तोही द्या की. जुनी हार्ड डिस्क काढा, तिच्या जागी मेमरी कार्ड बसवा. आवाज नाही, कटकट नाही. डिस्क कोरी करून सोबत द्या, म्हणजे झालं."

बघते म्हटलं.

४ फेब्रुवारी

खोली उघडली नाही.

७ फेब्रुवारी

दुरुस्तीचं हे काम मी यांच्याकडून शिकले असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. हे होते तेव्हा ती खोली त्यांची, स्वयंपाकघर माझं. मध्ये भिंत. जेवण झालं की हे आत जायचे, दार लोटायचे, आणि भिंतीतून डिस्कचा आवाज सुरू व्हायचा. टक्, टक्, टक्. कधी हाक मारली तर— "आत्ता नको, कामात आहे." मग मी मारेनाशी झाले. आवाज चालू आहे म्हणजे माणूस घरात आहे, एवढं पुरायचं.

हे गेल्यावर चष्मेवाले बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन दारात उभे. त्यांना बातमीच नव्हती. आल्या पावली कसं परत पाठवायचं? ठेवून घेतला. यांची पुस्तकं काढली, हत्यारं बाहेरच्या टेबलावर आणली. यांच्या कॉम्प्युटरला मात्र हात लावला नाही.

८ फेब्रुवारी

चिमीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "देऊन टाक गं आई. बाबांचं जे काही असेल ते आधी कॉपी करून घे, मग कर फॉरमॅट."

जे काही असेल ते. तेच बघायचं नाहीये मला. इतक्या संध्याकाळी ज्याला दिल्या, ते नक्की होतं काय? आणि न बघता पुसायचं, तर हात कसा धजेल!

मग म्हणाली, "मागे आवाज येतोय. कामात दिसतेस."

हो गं.

"चल, ठेवते मग. तुझा खोळंबा नको."

१० फेब्रुवारी

महिना झाला, टेबलावर काम नाही. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. चिमीच्या फोनची वेळ झाली की मी एक रिकामी डिस्क चालू करते आणि तिची तपासणी लावून देते, म्हणजे पहिल्यापासून शेवटापर्यंत नुसतं वाचत जाणं. ती आपली आपण फिरत राहते. लेक लांब राहते. तिला वाटू दे, आई कामात आहे. तिचा जीव थाऱ्यावर राहतो.

माझाही राहतो.

१४ फेब्रुवारी

आज उघडली. खुर्ची मागे सरकवलेली, तशीच. पडद्यावर धूळ.

बटण दाबलं. डिस्क फिरेना— फार दिवस पडून राहिली की आतून चिकटते. काढून हातात घेतली, मनगटाने एक हलका हिसका दिला, पुन्हा जोडली. फिरली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून स्वयंपाकघरात पळाले.

ओटा पुसता पुसता भिंतीतून आवाज आला. टक्, टक्, टक्. तोच. फडकं हातात तसंच राहिलं. बरं वाटलं, अगदी आतून.

मग नीट कान देऊन ऐकलं.

माणूस काम करत असला की डिस्क अशी चालत नाही. ती मध्येच धावते, गप्प होते, पुन्हा धावते. माणूस विचार करायला थांबला की तीही थांबते. ही थांबत नव्हती. एकसारखी पावलं टाकत शेवटापर्यंत जायची, मग लांब खर्र— आणि पुन्हा पहिल्यापासून. हा आवाज मी रोज संध्याकाळी ऐकते. टेबलाजवळून. भिंतीतून ओळखला नव्हता.

आत जाऊन बघितलं. पडद्यावर तपासणी. कॉम्प्युटर सुरू केला की ती आपोआप लागावी, अशी सोय केलेली. ती थांबवून डिस्क चाळली. दुसरं काहीही नाही.

१५ फेब्रुवारी

दुरुस्तीला माणसं येणं कधी बंद झालं? आठवायला बसले. आठवत नाही. हळूहळू झालं असणार. "आजकाल कुणी दिसत नाही," असं मी एकदा म्हटलं होतं. "आहे त्यातनं डोकं वर काढता येत नाही," म्हणाले होते. आणि ताटावरून उठून आत गेले होते.

मी पलीकडे भांडीसुद्धा बेताने घासायची. यांना त्रास नको म्हणून.

म्हणजे माझ्या बाजूने त्यांना काहीच ऐकू जात नसणार.

१७ फेब्रुवारी

फॉरमॅट केलं. कार्ड आधी काढून बाजूला ठेवलं— दोन्ही जोडलेली असली की कॉम्प्युटरने डिस्कना दिलेली अक्षरं बदलतात, सी म्हणून ओळखीची असलेली डी होऊन बसते, आणि आपण भलतीच पुसतो. चष्मेवाल्यांची एक चांगली डिस्क माझ्या हातून जाता जाता वाचली होती.

सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं. पुसण्यासारखं काही नाही हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं, तो सगळ्यांनाच विचारतो. मी मात्र बराच वेळ बोट वर धरून बसले.

मग डिस्क काढून कार्ड बसवलं. संध्याकाळी चष्मेवाले दोन्ही घेऊन गेले, कॉम्प्युटर आणि डिस्क. जाण्याआधी लावून बघितला. "ऐका वहिनी," म्हणाले, "आहे का काही आवाज?"

ऐकलं. नव्हता.

१८ फेब्रुवारी

फोनच्या वेळेला सवयीने डिस्क चालू केली होती. रिंग वाजली. डिस्क बंद केली, पुरती थांबू दिली, मग उचलला.

"आई? आज आवाज नाही तो."

नाही गं, म्हटलं. काम नाहीये. तुला वेळ आहे का?