लेखिकाबाईंची दुसरी कबर

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ सुटली आहे. सव्वीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून फाडू नकोस, आधी वाच.

लेखिकाबाईंची कबर तू विसरला नसशील. दफनानंतर वर्षभरात माती खचली, लोकांनी शवपेटी उघडली, तर आत नुसते दगड. बाबांनी एवढ्या नामांकित बाईंचा देह विकला असा बोभाटा झाला. कबरी खणायचं काम गेलं. आपण ‘हाडविक्याची पोरं’ झालो. बाबांनी मात्र तोंडातून ब्र काढला नाही.

गेल्या महिन्यात बाईंची थोरली बहीण वारली. दुसऱ्याच दिवशी बाबा काठी टेकत नगराध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, “बाई कुठे आहेत ते दाखवतो.”

खणायची परवानगी मिळाली तेव्हा अर्धं गाव लोटलं. बाबा दफनभूमीच्या मागच्या भिंतीपाशी थांबले. तिथे बाईंच्या सगळ्या पुस्तकांचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारा छापखान्यातला माणूस पुरलेला आहे. त्याच्याशी बाईंचं लग्न बहिणीने होऊ दिलं नव्हतं. त्याच्या शेजारची मोकळी जागा बाबांनी काठीने दाखवली. नवा कबरवाला कचरला, म्हणून कुदळ मीच घेतली.

पेटी लागली. तिच्यावर लाखबंद बाटली, आत चिठ्ठी. गावच्या ग्रंथपालाने बाईंचं अक्षर ओळखलं आणि मोठ्याने वाचलं: “मी इथे माझ्या मर्जीने आहे. माझी बहीण आहे तोवर गप्प राहायचा शब्द मी कबरवाल्याकडून घेतला आहे. त्याला कोणी बोल लावू नये.”

 मग नगराध्यक्षांनी सगळ्यांदेखत हात जोडून बाबांची माफी मागितली. बाबा ताठ उभे होते. इतके उंच आहेत ते, हे मी विसरूनच गेले होते. गर्दीने आपोआप वाट दिली, आणि मी त्यांना हात धरून भर रस्त्याने घरी आणलं.

आता जे लिहायचं टाळतेय ते. बाईंच्या दफनाच्या सुमारास एका पहाटे बाबांना हातगाडी ढकलताना पाहिलं, हे बोभाटा झाल्यावर पोलीस चौकीत सांगितलं ते मी. बाबांना वाटलं तू. तू ऐकून घेतलंस, माझं नाव घेतलं नाहीस, आणि घर सोडलंस.

कबर उघडली त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “तू पाहिलं तेच सांगितलंस. त्याला मात्र मी उगाच गमावलं. लिही त्याला, म्हणावं बापाने बोलावलंय.”

ये दादा. मान वर करून ये.

तुझ्या आडोशाने मोठी झालेली,
धाकटी