मानपाड्याचे अडीच गुंठे आणि बायजाआत्याचा गोळा

मी, दिपेश गोविंदा भोईर, वय २७, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, सध्या मुक्काम जैसलमेर, काम पवनचक्कीचे बोल्ट आवळणे, डोकं ठिकाणावर असताना, दारू न पिता आणि कुणी हात न धरता हे लिहून ठेवतो. शंभर मीटर चढणाऱ्यांनी आपल्यामागे कोणाला काय ते लिहून ठेवा, असं साहेब म्हणाले. शाळा नववीत सोडली, पण दशांश चिन्ह मला पक्कं येतं. आत्याच्या गोळाफेकीची फीत मीच धरायचो.

१. आत्या म्हणजे बायजा, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. १९९२ ला वर्तकनगरच्या मैदानावर तिने पहिली स्पर्धा मारली, ती अजून थांबलेली नाही. केमिकल कंपनीत पिंपं उचलून राज्याची सात सुवर्णपदकं. पुढच्या वर्षी पन्नाशी, म्हणजे गोळा चार किलोचा तीन होणार. त्याचा तिला फार राग आहे. "म्हातारी मी होतंय, गोला कशाला बारीक करता?"

२. २००६ ला वडिलांनी तिला कल्याणच्या नोंदणी कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. आमच्यात बहिणी भावाला जमीन सोडतातच, बदल्यात साडी मिळते. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती, तिने कागद वाचलासुद्धा नाही. त्या साडीत ती आजही गोळा गुंडाळते. नेसलेली एकदाही नाही.

३. वडिलांमागे घरामागचे पाच गुंठे माझ्या आणि मोठा भाऊ धनेशच्या नावावर आले. माझे अडीच गुंठे आत्याला. हद्द अशी: तिचं गोळा फेकायचं वर्तुळ धरून, १४.६२ मीटरला गोळा पडला तिथे मी ठोकलेल्या लोखंडी खुंटीच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत. बिल्डरच्या माणसाने ती खुंटी उपटलेली. आत्याने परत ठोकली, तो माणूस परत आला नाही.

४. धनेशदादाला माझा नवा वरवंटा. चिंबोऱ्यांच्या नांग्या त्याने यापुढे यानेच फोडाव्यात, आत्याच्या गोळ्याने नाही. ते मी विसरलेलो नाही. १ डिसेंबरला तो बिल्डरला जागा लिहून देणार आहे, त्याला माझी सही हवी. ती मिळणार नाही.

५. दादाची मुलगी करिश्मा हिला माझी मोटारसायकल, अठरा पूर्ण झाल्यावर, आणि आत्याकडून गोळा शिकली तरच.

६. हे सगळं काल फोनवर आत्याला वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आरं बाला, मी का तू मराची वाट बगत बसू? माजी पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय."
मी म्हटलं, "अगं, पण सुट्टी नाही."
"मंग माग. मी मागितली नाय कंपनीकडं, सात वेळा?"
मागितली. मिळाली. २८ तारखेला कल्याणच्या त्याच कचेरीत जिवंतपणी बक्षीसपत्र करून देणार. सही करण्याआधी तिला सगळा कागद वाचून दाखवणार. त्यानंतर कलम ३ रद्द.

म्हणून हे मृत्युपत्र जमिनीपुरतं फक्त एकोणीस दिवसांचं आहे. तोवर वरून पडायचं नाही, असं आत्याने बजावलंय.

साक्षीदार:
१. साकेत, माझा दोर रोज हाच तपासतो. आजपासून दोनदा.
२. कुंडलिक, मेसचा आचारी. आत्याचा फोटो बघून लगेच सही केली.

सही: दिपेश गोविंदा भोईर
जैसलमेर, ९ नोव्हेंबर २०२५